जुना माल आणि विकणाऱ्याचे मौन



आपल्या खेड्यापाड्यांतील बहुतेक मंडळ्यांत एक तरी कुटुंब असे असते की, ज्याचा मुलगा, भाऊ किंवा जावई मुंबईस परळ, लालबाग, दादर अथवा गिरगाव या भागांत पोटापाण्यासाठी राहत आहे. मे महिन्याच्या सुटीत तो गावी येतो, तेव्हा कित्येकदा त्याच्याबरोबर एखादी वापरलेली वस्तू येते. कधी जुना फ्रीज, कधी शिलाई मशीन, कधी मिक्सर, कधी टेबलपंखा. नवी वस्तू घेण्याचे सामर्थ्य ज्या घरास नाही, त्या घरात तिचे स्वागत नव्या वस्तूसारखेच होते. पुढे महिन्याभरात फ्रीज गार करीनासा होतो किंवा मशीनची मोटर जळते, आणि मग घरात दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. एक, "जुनेच ते, असे व्हायचेच." दुसरे, "स्वस्तात घेतलेत ना? मग आता तोंड कशाला उघडता?"

यांपैकी पहिले वाक्य वस्तूविषयी आहे आणि ते पुष्कळदा खरे असते. दुसरे वाक्य मात्र तपासून पाहिले पाहिजे. ज्याने कमी पैसे दिले त्याने आपला हक्कही कमी करून घेतला, असे त्यात गृहीत धरलेले आहे. विकणाऱ्यास दोष ठाऊक असता तो त्याने न विचारता सांगावयास हवा होता की नाही, आणि घेणाऱ्याने विचारले नाही म्हणून त्याचे मागणे संपते की काय, हे दोन प्रश्न या एका वाक्याखाली झाकले जातात. आज त्यांचाच विचार करावयाचा आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून फ्रीजचेच उदाहरण घेऊ. फ्रीज थंड होतो तो त्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या गॅसमुळे. हा गॅस बंद नळ्यांत असतो आणि नळी शाबूत असेल तर तो वर्षानुवर्षे संपत नाही. नळीस कोठे बारीक छिद्र पडले म्हणजे तो हळूहळू निघून जातो. आता अशा फ्रीजची दुरुस्ती दोन प्रकारे होऊ शकते. छिद्र शोधून, ते नीट बुजवून, मग गॅस भरणे, हा एक प्रकार. छिद्र तसेच ठेवून नुसता गॅस भरणे, हा दुसरा. दुकानात दोन्ही फ्रीज सारखेच गार होतात. ग्राहक दार उघडून आत हात घालतो, बर्फ धरलेला पाहतो, समाधानाने पैसे मोजतो. दुसऱ्या प्रकारचा फ्रीज काही आठवड्यांनी पुन्हा गरम पडतो. पंख्याचे व मिक्सरचेही असेच. जळालेल्या मोटरचे वाइंडिंग तांब्याच्या तारेने करावयाचे, तेथे स्वस्त अल्युमिनियमची तार घालून वर नवा रंग दिला, तर ते बाहेरून कोणास दिसणार? सर्वांत वाईट प्रकार अर्थिंगचा. वायरीतील तिसरी तार तुटलेली असते किंवा प्लगची तिसरी पिन कापून टाकलेली असते, आणि लोखंडी अंगाच्या यंत्रात वीज उतरली तर ओल्या हाताच्या बाईस धक्का बसतो. येथे प्रश्न दोन-चार हजार रुपयांचा राहत नाही.

परंतु न्यायाने बोलावयाचे तर दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. फ्रीज टेम्पोत आडवा टाकून घाटातून आणला आणि उतरवताच लगेच चालू केला, तर कंप्रेसरमधील तेल नळ्यांत शिरलेले असते व यंत्र बिघडू शकते. उभा करून काही तास थांबले असते तर तो कदाचित नीट चालला असता. गावातील विजेचा दाब कमी-अधिक होऊनही मोटर जळते. अशा वेळी मुंबईच्या दुकानदारास शिव्या देणे हा अन्याय होय. दोष विकण्याच्या वेळी होता की नंतर उत्पन्न झाला, हे पाहिल्यावाचून पुढचे सर्व बोलणे व्यर्थ आहे.

आता दोष आधीचा होता आणि विकणाऱ्यास ठाऊक होता असे धरू. तो गप्प बसला. त्याने फसविले काय?

आपल्या देशात करारांविषयी जो कायदा चालतो तो १८७२ सालचा आहे. फसवणूक कशास म्हणावे हे त्याच्या सतराव्या कलमात सांगितले असून, त्यास जोडून दिलेल्या उदाहरणांपैकी तीन घोड्याची आहेत. ती मोठी विचार करण्याजोगी आहेत. एक मनुष्य लिलावात आपला घोडा दुसऱ्यास विकतो. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्यास माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. आता घोडा तोच आणि मालक तोच, परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी आहे. येथे नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. आणि मालक तोंड मिटून उभा राहतो. येथे ते तोंड मिटणे बोलण्याइतकेच झाले, असे कायदा मानतो.

पहिली दोन उदाहरणे एकाखाली एक वाचली म्हणजे मन थबकते. घोड्याचा दोष तोच, विकणाऱ्याचे ज्ञान तेच. फरक पडला तो एवढाच की समोर मुलगी आहे की परका आहे. कायद्यास कोठे तरी रेघ ओढावीच लागते. बाजारातील प्रत्येक मौनास तो शिक्षा करू लागला तर न्यायालयांस दुसरे काम उरणार नाही. म्हणून मी त्या कायद्यास नावे ठेवीत नाही. परंतु ही रेघ न्यायाधीशाच्या सोयीसाठी आहे, विकणाऱ्याच्या अंतःकरणाच्या सोयीसाठी नाही. आमचा शेजारी कोण, हा प्रश्न पूर्वी एका शास्त्र्याने विचारला होता आणि त्यास मिळालेले उत्तर वाचकांस पाठ आहे. त्या उत्तरानंतर मुलगी आणि परका यांमध्ये रेघ ओढून निश्चिंत बसणे आपणांस तरी कठीण आहे.

हा वाद फार जुना आहे. रोम शहरातील सिसेरो नावाच्या विद्वान मुत्सद्द्याने ख्रिस्तपूर्व ४४ साली कर्तव्यांविषयी एक ग्रंथ आपल्या मुलास उद्देशून लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एका घराची गोष्ट मांडतो. घर आरोग्यास वाईट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजके आहे; आणि हे मालकावाचून कोणासच ठाऊक नाही. त्याने न सांगता ते चढ्या भावाने विकले, तर ते योग्य की अयोग्य? या प्रश्नावर डायोजेनीस व त्याचा शिष्य अँटिपेटर हे दोन तत्त्वज्ञ वाद करतात. गुरूचे म्हणणे असे की, मालकाने कोणास घेण्याची जबरदस्ती केली नाही; घेणाऱ्यास डोळे होते, अक्कल होती; आणि आपल्याच मालाची निंदा करीत कोणी दवंडी पिटतो काय? शिष्य म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणे जर वाईट, तर माहीत असून एखाद्यास खड्ड्यात पडू देणे हे त्याहून वाईट. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. त्याने दिलेले कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे: प्रत्येक न बोलणे हे लपविणे नव्हे, परंतु दुसऱ्याने जाणावे यात त्याचे हित आहे, आणि आपल्याच फायद्यासाठी त्याने ते जाणू नये अशी आपली इच्छा आहे, तेव्हा ते लपविणे होय.

या कसोटीवर आपला फ्रीजवाला घासून पाहा. छिद्र ठाऊक असता त्याने गॅस भरला तो कशासाठी? दुरुस्तीसाठी नव्हे, ग्राहक दुकानात उभा असेपर्यंत फ्रीज गार राहावा म्हणून. तो केवळ गप्प बसला असे म्हणता येणार नाही, कारण त्याने गॅस भरून दोष झाकला. येथे १८७२ चा कायदाही त्याच्या विरुद्ध उभा राहतो. कारण माहीत असलेली गोष्ट कृतीने झाकणे हे त्याच सतराव्या कलमात फसवणूक म्हणून गणले आहे. जळक्या मोटरवर दोष झाकण्यासाठी फासलेला नवा रंगही याच जातीचा.

"पण स्वस्तात घेतले ना!" होय, घेतले. स्वस्ताई कशाबद्दल होती ते पाहू. नवा फ्रीज जेवढी वर्षे चालेल तेवढी हा चालणार नाही, दरवाजाचे रबर सैल आहे, रंग उडाला आहे, वीज थोडी अधिक खाईल. या सर्वांबद्दल किंमत उतरली आणि ती घेणाऱ्याने समजून उमजून मान्य केली. नळीतील छिद्र त्या हिशेबात कधी आलेच नाही, कारण ते त्यास कळूच दिले नव्हते. जे कळले नाही त्यास संमती देता येत नाही. छिद्राची वार्ता सांगून, "दुरुस्ती तुम्ही करून घ्या, आणखी हजार कमी द्या," असे विकणारा म्हणाला असता, तर तोच फ्रीज तोच मनुष्य घेऊन गेला असता आणि कोणाचीच फसवणूक झाली नसती. म्हणून जुना माल विकणे हा धंदा हलका आहे असे कोणी समजू नये. गिरगावाच्या बाजूने लॅमिंग्टन रोडला लागले की जुन्या-नव्या विजेच्या यंत्रांची दुकाने लागतात, भेंडीबाजाराजवळ मटन स्ट्रीटवर चोरबाजार आहे, आणि आमच्या आजीच्या काळापासून बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देत आली आहे. गरिबाच्या संसारास या धंद्यांनी पुष्कळ हात दिला आहे. त्यांत सचोटीने वागणारे दुकानदार आहेत. छिद्र बुजवून गॅस भरणारा तो पहिला कारागीरही त्याच बाजारात बसतो, आणि झाकणाऱ्यामुळे त्याच्या मेहनतीस भाव मिळत नाही.

आता कायद्याने घेणाऱ्याच्या हातात काय दिले आहे ते सांगतो, कारण आपल्या प्रचारक बंधूंस हे पुष्कळदा विचारले जाते. १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणे, जो मनुष्य त्या जातीचा माल विकण्याचाच धंदा करतो, त्याच्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या प्रतीचा असला पाहिजे, ही अट बोलली नाही तरी धरली जाते. माल जुना म्हणून ही अट सुटत नाही. मात्र जुन्या मालाकडून नव्याइतकी अपेक्षा करता येत नाही, आणि दोघांनी स्पष्ट ठरवून ही अट वगळली असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल त्यास मागाहून कुरकुर करता येत नाही. तुटलेले हँडल तुम्हांस दिसले पाहिजे होते. नळीतील छिद्र दिसणे शक्य नव्हते.

एवढ्यासाठी दिवाणी न्यायालयात जाणे गरिबास परवडत नसे. ही अडचण ओळखून लोकांनीच चळवळ केली. पुण्यास १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९७५ च्या गुढीपाडव्यास मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांचे गट करून घाऊक भावाने चोख माल आणावा व वाटून घ्यावा, अशी तिची रीत. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षणाच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला व तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. जुनी किंवा डागडुजी केलेली वस्तू नवी म्हणून खपविणे, बिल न देणे, सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नाकारणे, या सर्वांस तो कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का पाहून सदोष मालाच्या बाबतीत कोणी घाबरून जाऊ नये. त्याच कायद्यात दोषाची व्याख्या करताना, व्यापाऱ्याने मालाविषयी जे जे सांगितले असेल तेही जमेस धरले आहे. "नवा कंप्रेसर घातला आहे" असे तो म्हणाला आणि कंप्रेसर जुना निघाला, तर तो दोषच.

दक्षिण मुंबई व मध्य मुंबई या दोन्ही जिल्ह्यांचे ग्राहक मंच अनेक वर्षे परळ येथे जनरल नागेश मार्गावरील पुरवठा भवनात बसत आले. परंतु गावच्या माणसास आता तेवढे लांब जाण्याचे कारण नाही. तक्रार करणारा जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सवलत होय. लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या फ्रीजची तक्रार रत्नागिरीस किंवा अहिल्यानगरास दाखल होऊ शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. १९१५ या क्रमांकावर टेलिफोन करूनही सल्ला मिळतो. निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वाट याहून अधिक पाहावी लागते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. ज्याने धंदा म्हणून नव्हे तर एकदाच घरातील वस्तू विकली, त्याच्यासाठी मुख्यतः हे आयोग नाहीत. तेथे १८७२ चाच आधार.

पण या सर्वांस पुरावा हवा. पावती घ्यावी, कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. पावतीवर "जुना" हा शब्द, यंत्राचा क्रमांक आणि किती दिवसांची हमी ते लिहवून घ्यावे. आणि घोड्याच्या तिसऱ्या उदाहरणाचा उपयोग करावा: साक्षीदारासमक्ष सरळ विचारावे, "यास काही दोष आहे काय? गॅस पूर्वी गळला होता काय?" ज्यास खोटे बोलावयाचे नाही तो येथे खरे सांगेल, आणि ज्यास बोलावयाचे आहे त्यास निदान ते उघड बोलावे लागेल.

मंडळीतील कित्येक सात्त्विक माणसे यावर म्हणतात, "नुकसान सोसावे, भांडू नये. तक्रार करणे आपणांस शोभत नाही." या म्हणण्याचा मी आदर करतो. एका विधवा भगिनीने मुंबईहून जुने मोटरचे शिलाई मशीन मागविले होते, त्यावर तिचा चरितार्थ चालावयाचा होता. दुसऱ्याच आठवड्यात मोटर जळली. ती म्हणाली, देवाने पाहिले आहे. तिच्या शांतीपुढे माझी मान लवली. तथापि मनात आले की, तेच दुकान पुढच्या आठवड्यात तशीच दुसरी मोटर दुसऱ्या कोणा विधवेस विकणार. आपले स्वतःचे नुकसान क्षमा करण्याचा अधिकार आपणांस आहे. त्या दुसरीचे नुकसान तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? प्रथम विकणाऱ्यास एकट्यास गाठून सौम्यपणे सांगावे, त्यास भरपाईची संधी द्यावी. न ऐकल्यास लेखी द्यावे. तरीही न ऐकल्यास आयोगाकडे जावे. यात मला द्वेष कोठे दिसत नाही.

विकणाराही सर्वकाळ धनिक नसतो हे विसरू नये. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतून पुष्कळ कुटुंबांनी भांडी व दागिने विकून दिवस काढले. पोरांच्या तोंडी घास घालण्यासाठी घरातील पंखा विकणाऱ्या बापास, "यास धक्का बसतो हे आधी सांग," असे म्हणणे आपणांस सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहून ते सांगणे किती जड! सांगितले तर पंखा विकत नाही, किंवा भंगाराच्या भावाने जातो. अशा मनुष्यास मी लबाड दुकानदाराच्या पंक्तीस बसविणार नाही. तरी पण तो पंखा ज्या घरी जातो तेथेही पोरेच असतात. त्याने भंगाराच्या भावाने तो विकला, आणि उरलेल्या घासाची काळजी त्याच्या शेजाऱ्यांनी घेतली, अशीच वाट मला दिसते. ती शेजाऱ्यांस महाग पडते हे खरे.

शेवटी एक गोष्ट आपल्या अंगणातील. मुंबईहून आलेला तो बिघडलेला फ्रीज अंगणात फार दिवस पडून राहत नाही. गावचा कारागीर येतो व म्हणतो, "छिद्र शोधत बसलो तर खर्च फार. नुसता गॅस भरतो, थोडे दिवस चालेल. पलीकडच्या वाडीत एक गिऱ्हाईक आहे, तेवढ्यात काढून टाका." ज्याची मुंबईत फसवणूक झाली त्याच्या हाती आता तेच यंत्र व तेच मौन येते, आणि येथे त्यास विचारणारे कोणतेही आयोग नाही. त्या वाडीतील गिऱ्हाईक बहुधा त्याच्या ओळखीचे असते. रविवारी ते त्याच्याच मागच्या ओळीत बसत असेल. छिद्र आहे हे सांगितले तर हजार-दीड हजार रुपये पदरी पडतील, न सांगितले तर चार हजार. कारागीर गॅसची टाकी सायकलवरून उतरवून उत्तराची वाट पाहत उभा आहे.